इम्युन पॅकेज सक्तीचं करण्याआधी आम्हाला उत्तरं द्या : पुण्यातल्या आयव्हीएफ डॉक्टरांना आणि एआरटी प्राधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
पुण्यात आयव्हीएफ सेंटर चालवणारे सर्व डॉक्टर,
आणि एआरटी (आयव्हीएफसारख्या कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांच्या) कायद्याखाली या सेंटर्सवर देखरेख ठेवणारे समुचित प्राधिकारी, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात मी माझ्या उरलेल्या दोन एम्ब्रियोंची (लॅबमध्ये वाढवलेल्या गर्भांची) चौकशी करायला सेंटरला गेले होते. तिथल्या कोऑर्डिनेटरने माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर १४ रक्तचाचण्यांची नावं, आणि प्रत्येकीपुढे टिक केलेली, पेनाने नाही, छापतानाच टिक केलेली. पेशंटच्या नावाची तेवढी रेघ मोकळी. मला म्हणाली, मॅडम आता नियम झालाय, ज्यांचे दोन किंवा जास्त मिसकॅरेज झालेत त्यांना इम्युन पॅकेज (प्रतिकारशक्तीच्या या चाचण्या) केल्याशिवाय ट्रान्सफरची (एम्ब्रियो गर्भाशयात सोडायची) तारीख मिळणार नाही. मी म्हटलं माझ्या या चाचण्या झाल्यात, सगळे रिपोर्ट फाइलला आहेत, तर म्हणाली जुने रिपोर्ट चालत नाहीत. डॉक्टरांना भेटायचंय म्हटलं तर आधी रक्त द्या मग भेटा. चिंचवडची एक मैत्रीण दुसऱ्या सेंटरमध्ये ट्रीटमेंट घेतीये, संध्याकाळी तिला फोन केला तर तिच्याकडेही जवळपास तसाच कागद, फक्त वरचं नाव वेगळं.

त्या रात्री हे पत्र लिहायला बसले. सेंटरचं नाव लिहीत नाहीये. मला एका सेंटरशी भांडायचं नाहीये, आणि असा कागद हातात घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या बायका एकाच सेंटरमध्ये नाहीत.

मी सिंहगड रोडला राहते. एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे पावत्या जपून ठेवायची सवय आहे. लग्न २०१४ मध्ये झालं. २०२१ पासून आयव्हीएफ. तीन ट्रान्सफर झाले, तिन्ही वेळा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा गेले.

पहिला फेब्रुवारी २०२२ मध्ये, बीटा (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्तचाचणी) १८६ आला, आम्ही कुणाला सांगितलं नाही पण घरात चालणं-बोलणं सगळं बदललं, आणि चार दिवसांनी तोच बीटा ६१. "केमिकल प्रेग्नन्सी" म्हणाले, म्हणजे अगदी सुरुवातीलाच संपलेलं गरोदरपण. दुसरा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सातव्या आठवड्यात सॅक (गर्भाची पिशवी) होती पण हार्टबीट आलाच नाही, क्युरेटिंग करावं लागलं. तिसऱ्याबद्दल पुढे लिहिते.

दुसऱ्यानंतर मला पहिल्यांदा "इम्युन" हा शब्द ऐकवला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पॅनेल झालं, ३४,५०० रुपये. रिपोर्टमध्ये चार गोष्टी लाल अक्षरात होत्या. एनके सेल १८ टक्के. एएनए १:८० ला वीकली पॉझिटिव्ह. अँटिकार्डिओलिपिन आयजीएम १६, नॉर्मल १२ पर्यंत. आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट पॉझिटिव्ह. डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला, लाल आकड्यांवर पेन ठेवलं आणि सासूबाईंसमोर म्हणाल्या, "बघा, हिचं शरीर बाळाला परकं समजतंय आणि मारून टाकतंय."

डॉक्टर, हे वाक्य तुम्ही बोललात आणि पुढच्या पेशंटकडे वळलात. ते आमच्या घरी आलं आणि तिथेच राहिलं. सासूबाई वाईट नाहीत, त्यांनी मला कधी टाकून बोललं नाही, पण त्या दिवसानंतर फोनवर नातेवाइकांना सांगताना त्या म्हणायच्या, "तिच्या रक्तातच दोष निघालाय." मी स्वतः वर्षभर तेच धरून चालले. रात्री पोटावर हात ठेवून पडायचे आणि वाटायचं की मीच मारलं. ओळखून आलेल्या दर १०० गरोदरपणांतली साधारण १५ गर्भपातात संपतात, आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या क्रोमोसोममध्येच गडबड असते, आईच्या काहीही करण्या-न करण्याने ते होत नाही, हे मला कुणीतरी सांगायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. ती मला मिळाली नाहीत.

आता माझ्या तक्रारी सांगते. डॉक्टरकीतलं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण ज्या गोष्टी मी नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडून समजून घेतल्या आणि स्वतः वाचून ताडून बघितल्या त्याच इथे लिहितीये.

पहिली तक्रार ल्युपस अँटिकोॲग्युलंटची, आणि तीच मला सगळ्यात जास्त लागलीये. एपीएस, म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, हा खरा आजार आहे. यात रक्त गोठण्याकडे कल वाढतो, गर्भ पुन्हा पुन्हा जातो, आणि मुख्य म्हणजे यावर खरा उपाय आहे. लंडनमध्ये डॉ. राज राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० बायकांवर अभ्यास केला, १९९७ मध्ये छापून आला. नुसत्या ॲस्पिरिनवर ४२ टक्के बायकांना मूल झालं आणि ॲस्पिरिनसोबत हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करणारं इंजेक्शन, दिल्यावर ७१ टक्के. म्हणजे इम्युन चाचण्या सगळ्याच फालतू असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन, एपीएस ओळखायच्या या तीन अँटिबॉडी चाचण्या दोन गर्भपात झालेल्या प्रत्येक बाईच्या नीट झाल्या पाहिजेत असं माझं म्हणणं आहे.

पण नीट म्हणजे कशा? २००६ पासून जगभर वापरात असलेल्या निकषांत स्पष्ट आहे की एकदा पॉझिटिव्ह आली म्हणजे एपीएस नाही, किमान १२ आठवड्यांनी परत करायची आणि परत पॉझिटिव्ह आली तरच धरायची, कारण साध्या इन्फेक्शननेसुद्धा या अँटिबॉडी काही दिवस वर जातात. अँटिकार्डिओलिपिनचा आकडाही मध्यम किंवा जास्त हवा, किंचित वर गेलेला १६ नाही. आणि हेपारिन चालू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंटची चाचणी फसवू शकते, कारण ती चाचणीच मुळी रक्त गोठायला किती वेळ लागतो यावर आहे आणि हेपारिन तर रक्त गोठू नये म्हणूनच देतात.

माझं रक्त घेतलं त्या दिवशी सकाळी ७ वाजता मी पोटात हेपारिनचं इंजेक्शन घेतलं होतं. "सेफ साइड" म्हणून तुम्हीच जानेवारीपासून चालू केलं होतं. रक्त घेणाऱ्या मुलीने विचारलं नाही, फॉर्मवर तसा रकाना नव्हता, आणि मला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. बारा आठवड्यांनी परत तपासा असं कुणीही म्हणालं नाही. एका रिपोर्टवर माझ्या फाइलच्या कव्हरवर स्केचपेनने "एपीएस" लिहिलं गेलं.

तिसऱ्या गर्भपातानंतर आम्ही एका वयस्कर हिमॅटॉलॉजिस्टना (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांना) दाखवायला गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रक्त दिलं तेव्हा हेपारिन चालू होतं का?" पहिलाच प्रश्न. मग सगळी औषधं बंद करून जानेवारी २०२४ मध्ये चाचण्या केल्या, एप्रिलमध्ये परत केल्या. दोन्ही वेळा तिन्ही निगेटिव्ह. मला एपीएस नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी खूप रडले, आनंदाने की रागाने ते अजून सांगता येत नाही.

दुसरी तक्रार एनके सेलची. नावातच किलर आहे, नॅचरल किलर, त्यामुळे पेशंट ऐकूनच गारठतो. पण दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या एनके पेशी या वेगळ्या असतात. अस्तरातल्या पेशी सुरुवातीच्या दिवसांत तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करायला, वार नीट रुजायला मदत करतात. दंडातल्या रक्ताचा टक्का बघून गर्भाशयात काय चाललंय ते कळत नाही. ईश्री, म्हणजे युरोपमधल्या वंध्यत्वतज्ज्ञांची संघटना, तिच्या वारंवार गर्भपातावरच्या मार्गदर्शक सूचना २०२२ मध्ये सुधारल्या गेल्या, त्यात लिहिलंय की एनके तपासायची शिफारस करण्याइतका पुरावा नाही, ना रक्तातल्या ना अस्तरातल्या. इंग्लंडमध्ये आयव्हीएफवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे, एचएफईए. ती अशा वरून जोडलेल्या उपचारांना रंग देऊन लोकांसाठी जाहीर करते. इम्युन चाचण्या आणि उपचारांना तिथे लाल रंग आहे. आपल्याकडे लाल रंग फक्त माझ्या रिपोर्टमधल्या आकड्याला होता.

एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवतं त्या अँटिबॉडींची चाचणी, तिचं तर थोडक्यात सांगते. १:८० ला पॉझिटिव्ह येणं धडधाकट माणसांतही सर्रास सापडतं, १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात निरोगी लोकांतल्या सुमारे १३ टक्के जणांना आलं होतं. मला मात्र "ल्युपसची सुरुवात असू शकते" असं सांगितलं गेलं (ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आणि मी तीन आठवडे आरशात गालावरचे डाग शोधत बसले.

तिसरी तक्रार, या आकड्यांवर जे उपचार झाले त्यांची. इंट्रालिपिड तीन वेळा, ९,००० रुपये एकाचे. दुधासारखं पांढरं सलाईन असतं ते, खाटेवर पडून थेंब मोजत होते, आणि नवऱ्याने बाटलीवरचं लेबल वाचलं तर सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं फॉस्फोलिपिड. ज्यांना तोंडाने जेवता येत नाही अशा पेशंटला शिरेतून अन्न द्यायला हे बनवलंय. त्याने सिस्टरना विचारलं हे हिला कशासाठी, तर त्या म्हणाल्या इम्युनिटी शांत करायला. रोज स्टिरॉइडची गोळी, तिने माझी साखर वाढली आणि चेहरा सुजला. ईश्रीच्या त्याच सूचनांत, कारण न सापडलेल्या वारंवार गर्भपातासाठी स्टिरॉइड देऊ नका असं म्हटलंय.

आणि एलआयटी. जून आणि जुलै २०२३, दोन वेळा, २५,००० एकाचे. नवऱ्याचं रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि माझ्या हाताच्या कातडीखाली टोचायच्या, म्हणजे माझ्या शरीराला म्हणे त्याची ओळख होते. कोपराखाली ओळीने सहा गांधी उठल्या, पंधरा दिवस खाजत होत्या, ऑफिसमध्ये पूर्ण बाह्यांचे ड्रेस घालून जात होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्येच ही पद्धत मंजूर संशोधनाबाहेर वापरायला मनाई केली. ईश्री म्हणते वापरू नका, फायदा दिसत नाही आणि गंभीर त्रास होऊ शकतो. दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशी माझ्या अंगात टोचताना माझ्याकडून ज्या कागदावर सही घेतली तो इंग्रजीत होता, दीड पान होता, आणि त्यात यातलं एक अक्षर नव्हतं. मी आज परत वाचून मग लिहितीये.

एकूण १,४७,३०० रुपये. त्यातल्या एलआयटीच्या पावत्यांवर "विशेष प्रक्रिया" एवढंच लिहिलंय. आयव्हीएफचा खर्च वेगळा. विम्यातून यातला रुपया मिळाला नाही.

चौथी तक्रार. इथे मला हळू लिहावं लागतंय.

२१ ऑगस्ट २०२३ ला तिसरा ट्रान्सफर झाला. १६ सप्टेंबरला, गणपती बसायच्या तीन दिवस आधी, हार्टबीट दिसला. मी स्क्रीनवर बघितला, डॉक्टरांनी आवाजही ऐकवला. विसर्जनाच्या रात्री पोटात दुखायला लागलं आणि पहाटे ब्लीडिंग. सकाळी रिक्षाने निघालो तेव्हा टिळक रोडला अजून मंडळं जात होती, ढोल चालू होते, रिक्षावाले काका काही न विचारता गल्ल्यागल्ल्यांतून फिरवून घेऊन गेले आणि उतरताना पैसे घेईनात. सेंटरला सोनोग्राफी झाली. आठ आठवडे दोन दिवस. हार्टबीट नव्हता.

दुपारी क्युरेटिंग ठरलं. आधीच्या रात्री जागून नवऱ्याने कुठेतरी वाचलं होतं की पडलेल्या गर्भाची जनेटिक तपासणी करता येते, त्यातून कारण कळू शकतं. त्याने आत जायच्या आधी सिस्टरना सांगितलं, रिसेप्शनला सांगितलं, डॉक्टरांना निरोप द्या म्हणाला. मी शुद्धीवर आले तेव्हा तो एक पांढरा प्लास्टिकचा डबा हातात घेऊन उभा होता, झाकणावर माझं नाव, चिकटपट्टी लावलेली. लॅबला घेऊन गेला. लॅबवाल्याने झाकण थोडं उघडलं, वास घेतला आणि म्हणाला, साहेब हे फॉर्मॅलिनमध्ये टाकलंय, यातल्या पेशी मेल्या, आता कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) होणार नाही, सलाईनमध्ये आणायला पाहिजे होतं.

सलाईन. ज्या सेंटरमध्ये दिवसाला पन्नास सलाईन लागत असतील तिथे या एका डब्यात ते टाकायचं कुणाला सुचलं नाही, आणि सांगूनही कुणापर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या वेळी तर विचारायचंच आम्हाला माहीत नव्हतं, तेव्हाच्या रिपोर्टमध्ये "गर्भाचे अवशेष आढळले" एवढं एकच वाक्य आहे. म्हणजे माझ्या रक्ताच्या १४ चाचण्या झाल्या पण गेलेल्या बाळाची एकही नाही. क्रोमोसोमची गडबड होती असं कळलं असतं तर तो प्रश्न तिथेच मिटला असता, मी स्वतःला दोष देणं थांबवलं असतं, आणि पुढचे निर्णयही वेगळे झाले असते. आता ते कधीच कळणार नाही.

माझी एक मावसबहीण साताऱ्याला असते, तिचं सांगते, कारण तिचं उदाहरण उलट बाजूचं आहे. तिचे तीन गेले, एक तर दहाव्या आठवड्यानंतर. तिथल्या साध्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी पॅकेज वगैरे काही न सांगता तीन चाचण्या, थायरॉइड आणि साखर एवढं लिहून दिलं. पॉझिटिव्ह आलं तर म्हणाले तीन महिने थांबू, औषध नाही, काही नाही, परत करू. परत पॉझिटिव्ह आलं. ॲस्पिरिन, आणि दिवस राहिल्याबरोबर हेपारिन. रोज पोटात इंजेक्शन स्वतःच घ्यायची, पोट निळं-काळं झालं होतं बिचारीचं. मुलगी आता तीन वर्षांची आहे, मला "पुण्याची मावशी" म्हणते. तर त्या डॉक्टरांसारखं काम करा एवढंच मी मागतीये. जिला आजार आहे तिला तो सापडला पाहिजे, आणि जिला नाही तिच्या कपाळावर तो चिकटवला जाऊ नये. सरसकट १४ टिक करून दोन्हीतलं काहीच होत नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. आम्ही पेशंटच येऊन म्हणतो, डॉक्टर काहीतरी करा, काहीही करा. तीन गेलेल्या बाईला "कारण सापडत नाही" असं सांगणं अवघड आहे, मी समोर बसले होते, मलाच ते ऐकायचं नव्हतं. पण इंग्लंडमधल्या १९९९ च्या एका अभ्यासात, कारण न सापडलेल्या बायकांना नुसती काळजी, लवकर सोनोग्राफी आणि आधार दिला तर पुढच्या वेळी ७५ टक्के जणींना मूल झालं. त्या आयव्हीएफच्या बायका नव्हत्या, वय वाढतं तसा हा आकडा उतरतो, तेही मला माहीत आहे. तरी "कारण सापडलं नाही" या वाक्यात किती आशा आहे ते आम्हाला सांगितलं गेलं पाहिजे. आम्ही ऐकू शकतो. तीन वेळा जे सोसलंय त्यापुढे हे ऐकणं जड नाही.

आता मागण्या. डॉक्टरांकडे आधी.

हे पॅकेज सक्तीचं करू नका. ट्रान्सफरची तारीख आणि इम्युन चाचण्या यांची गाठ सोडा. कुठली चाचणी का करतोय हे त्या-त्या बाईची फाइल बघून ठरवा आणि हाताने लिहून द्या.

प्रत्येक चाचणी आणि प्रत्येक जोड-उपचारासाठी मराठीत एक पान द्या. याने फायदा होतो हे सिद्ध झालंय, झालेलं नाही, की याविरुद्ध सल्ला आहे, यातलं काय ते स्पष्ट लिहा, धोके लिहा, किंमत लिहा, आणि ते पान सहीच्या आधी निदान दोन दिवस घरी नेऊ द्या. हे मी नवीन काही मागत नाहीये. एआरटी कायदा २०२१ चा आहे, जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि जोडप्याला यशाची शक्यता, फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम, धोके सगळं सांगायचं आणि समुपदेशन करायचं हे कर्तव्य त्यात क्लिनिकवर टाकलेलंच आहे.

एपीएसच्या चाचणीच्या फॉर्मवर "सध्या हेपारिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का" असा रकाना टाका, आणि पॉझिटिव्ह रिपोर्टवर १२ आठवड्यांनंतरची तारीख लिहूनच तो पेशंटच्या हातात द्या. तोपर्यंत फाइलवर आजाराचं नाव लिहू नका.

क्युरेटिंगच्या आधी प्रत्येक जोडप्याला विचारा, जनेटिक तपासणी करायची आहे का. हो म्हणाले तर निर्जंतुक सलाईनमध्ये द्या. ऑपरेशन थिएटरच्या चेकलिस्टवर ही एक ओळ वाढवा. याला पैसे लागत नाहीत.

एलआयटी बंद करा.

पावतीवर जे केलं त्याचं नाव लिहा. आणि नातेवाइकांसमोर बाईच्या शरीराबद्दल बोलण्याआधी तिला विचारा. हे मागणीत लिहावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. तसंच जाताना एवढं तरी सांगा की गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून मिळत आलीये. मला माहीत नव्हतं, मी चौथ्या दिवशी ऑफिसला गेले होते, कपडे खराब होतील या भीतीने दिवसभर खुर्चीवरून उठले नाही.

प्राधिकाऱ्यांना माझं सांगणं असं. तुम्ही सेंटरची तपासणी करता तेव्हा मशिनं, जागा, रजिस्टर बघता, तेवढ्यासोबत संमतीपत्रंही वाचा, ती मराठीत आहेत का बघा, आणि चार पेशंटशी बाहेर बाकावर बसून बोला. छापील टिक केलेले फॉर्म चालतात की नाही यावर लेखी आदेश काढा. इंग्लंडसारखी रंगांची यादी आपल्या भाषेत जाहीर करा आणि ती प्रत्येक सेंटरच्या वेटिंग हॉलमध्ये लावायला लावा. कायद्याने प्रत्येक क्लिनिकला तक्रार कक्ष ठेवायचाय. माझ्या सेंटरमध्ये तो कुठे आहे विचारलं तर रिसेप्शनने मला बिलिंगच्या खिडकीकडे पाठवलं. तक्रार कुणाकडे, किती दिवसांत उत्तर, आणि नाही मिळालं तर पुढे कुणाकडे, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात असलं पाहिजे. आणि एपीएसच्या तीन चाचण्या सरकारी रुग्णालयांतून परवडेल अशा दरात, नीट पद्धतीने होतील हे बघा, कारण ज्या बाईला खरंच हा आजार आहे आणि जिच्याकडे पॅकेजचे पैसे नाहीत तिचं बाळ वाचवायचा तो एक मार्ग आहे.

या पत्राची एक प्रत मी सेंटरला हातोहात दिली आहे, पोच घेतली आहे. सोबत माझ्या पूर्ण फाइलची कॉपी मागितली आहे, त्यात फेब्रुवारी २०२३ चं रक्त घेतानाची नोंद आणि २९ सप्टेंबरची थिएटरची नोंद हवी आहे. माझे दोन एम्ब्रियो तिथे ठेवलेले आहेत आणि त्यांचं भाडं मार्चअखेरपर्यंत भरलेलं आहे. त्याआधी मला लेखी उत्तर हवंय की पॅकेज न करता मला ट्रान्सफरची तारीख मिळणार आहे की नाही. नाही म्हणत असाल तर एम्ब्रियो दुसरीकडे हलवायला कुठली कागदपत्रं लागतील तेही त्याच उत्तरात कळवा.

आपली,
एक पेशंट
सिंहगड रोड, पुणे